पुन्हा तोच निळा पडदा

बाबांचा २०११ सालचा डेस्कटॉप आज परत बसला. सोसायटीचा हिशेब अर्धा टाइप झाला होता, तेवढ्यात स्क्रीन गोठली, काळी झाली आणि मग निळी. या महिन्यातली ही चौथी वेळ!

जो तो सांगतो, रॅम बदला, फॉरमॅट मारा. अहो, रॅम रात्रभर तपासली, एकही चूक नाही. मशीन कोसळताना विंडोज जी नोंद ठेवतं, ती मिनिडंपची फाइल उघडली की दर वेळी ग्राफिक्स ड्रायव्हरचंच नाव, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारं कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचं. साधा प्रोग्राम अडकला तर तो एकटा बंद पडतो, पण हा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातच चालतो, तो चुकला की अख्खं मशीन खाली येतं. सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त गरजेपुरत्या गोष्टींवर सुरू केलं की, तेच मशीन तासन्‌तास चालतं, कारण तिथे साधा मूळ ड्रायव्हर असतो.

मी जुना ड्रायव्हर परत टाकते. दोन आठवडे सुरळीत. मग विंडोजचं अपडेट न विचारता नवा चढवतं, आणि ये रे माझ्या मागल्या. कार्ड बनवणाऱ्यांनी तर जुन्या डाउनलोडचं पानच काढून टाकलंय. माझ्याकडची सेटअपची फाइल पेन ड्राइव्हवर जिवापाड जपलीय. चांगलं चालणारं मशीन भंगारात का घालायचं? बाबांचा हात त्याच कीबोर्डवर बसलाय.