मोटर फिट आहे की नाही

जुन्या वस्तूची तपासणी करण्याचा प्रसंग कुणावरही येऊ शकतो. पण ती वस्तू बोटीची आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागच्या बाजूला बाहेरून लावायचे इंजिन असेल, चार घरांनी मिळून घेतलेली असेल आणि ती चारही घरे कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यात कृष्णाकाठी असतील, तर त्या तपासणीला ग्रामसभेचे स्वरूप येते. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही सालांचे महापूर पाहिलेल्या आमच्या गावात मे महिना अर्धा सरला की जो तो विचारू लागतो, "मोटर फिट आहे न्हवं?" या प्रश्नाचे उत्तर सर्वांना होकारार्थी हवे असते, तपासणी मात्र कुणालाच नको असते. सीमाप्रश्नाच्या निकालाची 1956 पासून वाट पाहणाऱ्या आणि 2004 साली सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या दाव्याची पुढची तारीख विचारत राहणाऱ्या आमच्या भागात निकाल लांबला म्हणून कुणी अस्वस्थ होत नाही. तो लागण्याची लक्षणे दिसली की मात्र होतात.

थोरल्या काकांचा सारा भर आवाजावर. नदीवरची डिझेल इंजिने ऐकण्यात आयुष्य गेल्यामुळे, मोटर गोठ्यात स्टँडवर टांगलेली असतानाच दोरीला एक हिसका द्यावा आणि आवाजावरून निदान करावे, असे त्यांचे म्हणणे. "एकदाच ओढतो की रे, आवाज तेवढा ऐकूया." आता, या मोटरीला थंड ठेवणारे पाणी ती ज्यात बुडालेली असते तिथूनच येते आणि ते वर चढवणारा इम्पेलर म्हणजे रबरी पात्यांचे एक लहान चाक असते. कोरडे फिरले तर ही पाती घासून, तापून पाहता पाहता निकामी होतात. म्हणजे ज्या आवाजावरून काका मोटर ठणठणीत ठरवणार, तोच आवाज तिला आजारी पाडणार. हे सविस्तर समजावून सांगितल्यावर काका म्हणाले, "एवढी नाजूक असली तर पुरात काय करणार ही?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

अखेर म्हशींच्या पाण्याचे 200 लिटरचे बॅरल काठोकाठ भरून मोटर त्यात उभी केली आणि म्हशींच्या नाराजीकडे दुर्लक्ष करून ती चालू करण्याचा प्रयत्न केला. ती चालू झाली नाही. टाकीत मागच्या पावसाळ्यातले पेट्रोल होते आणि हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. हे इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते, ओल फार झाली की पाण्यासकट तळाशी बसते आणि जुन्या रबरी नळ्यांनाही मानवत नाही. आमच्या तालुक्यात हे उघडपणे बोलणे धोक्याचे आहे, कारण दोन्ही काठांना ऊस आहे, उसाला कारखाना आहे आणि कारखान्याला इथेनॉलचा आधार आहे. आपल्याच उसाने आपलाच कार्बोरेटर धरला, हे बिलाची वाट पाहणाऱ्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगावे? कार्बोरेटर मुकाट्याने साफ केला, पेट्रोल बदलले, ऑइलचे प्रमाण मोजून घातले, आणि मोटर सुरू झाली. मागून पाण्याची धार पडू लागली. ती पुरेशी जोरात आहे की नाही, यावर मतभेद झाले आणि प्रत्येकाने हात ओला करून आपले मत पक्के केले.

गिअर ऑइलपाशी मात्र मतभेदांना जागा उरली नाही. चिकोडीहून आलेल्या मिस्त्रींनी खालचा स्क्रू सैल केला, तेव्हा आधी थेंबभर स्वच्छ पाणी आले आणि मागोमाग दुधाळ, करड्या रंगाचे ऑइल संथपणे तसराळ्यात उतरले. ऑइल असे दिसले की आत पाणी शिरले आहे, हे समजायला वर्कशॉपचा अनुभव लागत नाही. मिस्त्रींनी पंखा काढला. त्याच्या मागे, शाफ्टभोवती, मासे पकडण्याच्या जाळ्याचा नायलॉनचा दोरा इतका घट्ट गुंडाळलेला होता की तो ब्लेडने तुकड्यातुकड्यांनी काढावा लागला. त्याच्या खालचे, पाणी आत येऊ न देणारे सील कापले गेले होते. जाळे कुणाचे, यावर जमलेल्यांपैकी दोघे अचानक आपापल्या कामाला निघून गेले.

खरा निकाल कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवेचा दाब किती तयार होतो याचा होता. दोन्ही प्लग काढायचे, इग्निशन तोडायचे, थ्रॉटल पूर्ण उघडायचा, एकेका भोकात गेज बसवून काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढत राहायची, अशी ही परीक्षा असते आणि तीत दमतो तो ओढणारा. दोरी पुतण्याकडे देण्यात आली. वरच्या सिलिंडरचा आकडा 115 पौंड आला, खालच्याचा 85. दोन्हींत साधारण दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असू नये, असे मिस्त्रींनी कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांत सांगितले, म्हणजे कुणाला न कळल्याचे निमित्त उरू नये. मग त्यांनी खालच्या सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजले. काटा शंभराच्या पुढे गेला.

"बघा!" काका उठून उभे राहिले. "सुधारली की ओ!"

आकडा ऑइलने वाढला याचा अर्थ पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या आहेत, ऑइलने ती फट तेवढ्यापुरती बुजते, हे मिस्त्रींनी सांगून पाहिले. पण निकाल एकदा आपल्या बाजूने लागल्यावर त्याची कारणे कोण वाचतो? रोज सकाळी चमचाभर ऑइल घालावे, अशी सूचना आली आणि तिला अनुमोदनही मिळाले. सील आणि इम्पेलर नवे आणायचे, रिंगांचे दिवाळीनंतर बघू, असे ठरले; पूर दिवाळीआधी येतो, ही माझी हरकत नोंदवून घेण्यात आली. मोटर फिट असल्याचा ठराव चारही घरांनी एकमताने मंजूर केला आणि त्याच बैठकीत, काकांच्याच सूचनेवरून, सुताराला चार नवी वल्ही करायला सांगण्यात आले, तीही मिरगाच्या आत.