कंदिलाचे वरचे कोपरे काळोखात
'आकाशकंदिलात कुठलाही एलईडी चालतो' हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. गेल्या दिवाळीत आम्ही साधा ९ वॅटचा एलईडी बल्ब लावला. खालच्या झिरमिळ्या लख्ख आणि वरचे कोपरे काळोखात! कारण त्यात चिप्स (उजेड देणारे बारीक तुकडे) सपाट चकतीवर बसवलेल्या असतात, उजेड समोर साधारण १२० अंशांत पडतो, मागे, म्हणजे वर होल्डरकडे फारच थोडा. फिलामेंट एलईडीत बारीक चिप्स काचेच्या किंवा सिरॅमिकच्या पट्टीवर ओळीने असतात, भोवती पिवळं फॉस्फर (उजेडाचा रंग बदलणारा लेप), म्हणून चहूबाजूंनी उजळतो. ४ वॅटचा, २७०० केल्व्हिनचा (म्हणजे पिवळसर उजेडाचा) पुरतो. पांढराफटक मात्र नको, पतंगी कागदाचा केशरी रंगच मरतो. (बाबांच्या वेळचा ४० वॅटचा पिवळा बल्ब याबाबतीत बिनतोड होता, विजेचं बिल सोडलं तर.)