गुलाबाचं अत्तर नूरजहाँने शोधलं? जहांगीर स्वतः वेगळं सांगतो

नूरजहाँने गुलाबपाण्याचा हौद भरवला, त्यावर तेलाचा तवंग पाहिला आणि गुलाबाचं अत्तर जन्माला आलं. त्याआधी हिंदुस्थानात सुगंधाची विद्या नव्हतीच, असा मजकूर सतत फिरत असतो. त्यातली पहिलीच चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती एका बाईचं श्रेय पुसून टाकते.

हा शोध नूरजहाँच्या आईचा, अस्मत बेगमचा. सांगणारा खुद्द जहांगीर आहे. आपल्या आत्मचरित्रात तो लिहितो की ती गुलाबपाणी काढत असताना गरम गुलाबपाणी ताटल्यांत ओतलं की वर तेलकट साय धरायची. ती तिने थोडी थोडी करून जमवली. एक थेंब तळहातावर चोळला तर सगळी मैफल दरवळते, असं तो कौतुकाने सांगतो. बक्षीस म्हणून त्याने तिला मोत्यांची माळ दिली. ‘इत्र-ए-जहांगिरी’ हे नाव दिलं अकबराची बेगम सलीमा सुलतान हिने. सलीमा १६१३ च्या सुमारास वारली, म्हणजे शोध त्याआधीचा. इतकी स्पष्ट नोंद असताना आईच्या जागी लेकीचं नाव आलं, कारण लेक जास्त प्रसिद्ध. आग्र्याच्या ज्या मकबऱ्यात अस्मत बेगम पुरली आहे, तोही तिच्या नवऱ्याच्या, इतिमादुद्दौलाच्या नावाने ओळखला जातो.

हौदाचं काय? ही कथा मनुची या इटालियन प्रवाशाने रंगवली. तो हिंदुस्थानात आला तेव्हा नूरजहाँ जाऊन दहाएक वर्षं झाली होती. ताटल्यांची हकिकत मात्र कामाशी जुळते: गुलाबपाणी निवताना त्यातलं तेल वर येतं. किलोभर तेलाला तीन-चार टन पाकळ्या लागतात, म्हणून ते टिपून घ्यायला चिकाटी हवी. ती अस्मत बेगमकडे होती.

‘त्याआधी काही नव्हतं’ हे तर साफ खोटं. अकबराच्या दरबारात सुगंधाचं वेगळं खातं होतं. अबुल फजल ‘ऐन-ए-अकबरी’त अरगजासारख्या मिश्रणांच्या कृती देतो आणि फुलांचं तेल काढून अंगाला, केसांना लावत असल्याचंही सांगतो. त्याच्याही मागे जा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त उटी आणि धूप हे राजाचे उपभोग म्हणून सविस्तर येतात. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर, म्हणजे सुगंध बनवण्याच्या विद्येवर, स्वतंत्र अध्याय आहे.

आणि मराठी वाचकाने तरी हा मजकूर पुढे पाठवू नये. ‘गंधवाद’ नावाच्या सुगंधशास्त्राच्या संस्कृत ग्रंथावर जुनी मराठी टीका, म्हणजे अर्थ उलगडणारं विवरण, आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी तो ग्रंथ अभ्यासकांपुढे आणला, आणि पुढे तो छापलाही गेला.