चार दिवस तळघर बंद ठेवलं की रेडॉन जातो म्हणे!

काल मामांचा फोन. तळघर चार दिवस कडेकोट बंद करून ठेवलंय, खिडकीच्या फटींत कापडाचे बोळे कोंबलेत, आणि पाचव्या दिवसापासून तिथे वाचत बसणार आहेत. कारण रेडॉन या जमिनीतून निघणाऱ्या, फुप्फुसांना घातक किरणोत्सारी वायूबद्दलचा तोच तो मेसेज: 'रेडॉन फक्त हिवाळ्यात साचतो, उन्हाळ्यात तळघरं-गुहा निर्धोक. जड असल्याने तो जमिनीलगत बसतो. मेणबत्ती जळत राहिली तर रेडॉन नाही. शंका असेल तर खोली चार दिवस बंद ठेवा, अर्धा आपोआप नष्ट होतो.' आजवर दुर्लक्ष केलं. पण आता मामाच बोळे कोंबतायत.

आधी ते चार दिवस. रेडॉनचं अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे अणू नष्ट व्हायला लागणारा काळ, ३.८ दिवस, हे बरोबर. लिहिणाऱ्याने एवढं वाचलं आणि पुस्तक मिटलं! अहो, रेडॉन एकदाच भरून ठेवलेला नसतो. जमिनीतल्या रेडियम या किरणोत्सारी मूलद्रव्यातून तो निघतच राहतो, आणि त्या रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. ताजी हवा असलेली खोली बंद केली, तर चार दिवसांत रेडॉन उलट वाढत वाढत तिथल्या कमाल पातळीच्या निम्म्यापर्यंत जातो, महिन्याभरात जवळजवळ पूर्ण. मामांनी बुजवल्या खिडकीच्या फटी. फरशी आणि भिंतीच्या सांध्यातली चीर, जिथून तो आत येतो, ती उघडीच.

मेणबत्ती ऑक्सिजन फार कमी झाला की विझते, रेडॉनचा तिला पत्ताही लागत नाही. घनमीटरला १०० बेकरेल (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन) म्हणजे रेडॉनचे पाच कोटींहूनही कमी अणू. तेवढ्याच जागेत हवेचे रेणू २५वर २४ शून्यं. एवढ्याशा अणूंचा जमिनीवर थर कसला बसतोय!

हिवाळ्याचं म्हणणं थंड प्रदेशातल्या घरांपुरतं बरंचसं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. आतली गरम हवा वरून निसटते, तळाशी ओढ तयार होते आणि मातीतली हवा आत खेचली जाते. शिवाय खिडक्या बंद. पण गुहेतलं तापमान वर्षभर जवळपास सारखंच. स्लोव्हेनियातल्या पोस्तोयना गुहेत हिवाळ्यात बाहेरची थंड, जड हवा आत शिरून गुहा धुऊन काढते. उन्हाळ्यात हवा तुंबते आणि रेडॉन चढतो. म्हणजे मेसेजच्या नेमकं उलट. आणि स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेत पुन्हा हिवाळ्यातच जास्त! तोंड कुठे आहे, उतार कसा आहे, हवा कुठून खेळते, यावर सगळं ठरतं. 'उन्हाळ्यात निर्धोक' वाचून कोणी गुहेत रोजचं काम करत राहिला, तर त्याच्या फुप्फुसांची जबाबदारी कोणाची?

जागतिक आरोग्य संघटनेची २००९ची रेडॉनवरची पुस्तिका घरांसाठी घनमीटरला १०० बेकरेल ही पातळी सुचवते, आणि तेवढं जमत नसेल तर ३००च्या वर नको म्हणते. हे आकडे वार्षिक सरासरीचे आहेत, एका दुपारचे नव्हेत.

मामांना सांगितलं, बोळे काढा, आणि रेडॉन मोजणारा डबीएवढा अल्फा-ट्रॅक डिटेक्टर निदान तीन महिने तिथे ठेवा, जमल्यास वर्षभर. ते म्हणाले, "मग तोवर वाचू कुठे?" म्हटलं, वरच्या मजल्यावर.