डेलावेअरची खरेदी आणि न्यू जर्सीचा यूज टॅक्स

‘डेलावेअरमध्ये सेल्स टॅक्स नाही, तिथून आणलेल्या वस्तूवर न्यू जर्सीत काही भरावं लागत नाही,’ असा मेसेज आपल्या मंडळींच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचा पहिला भाग खरा आहे, दुसरा साफ चुकीचा.

सेल्स टॅक्स न भरता घेतलेली वस्तू न्यू जर्सीत वापरायला आणली की तिच्यावर यूज टॅक्स, म्हणजे वापरावरचा कर, लागतो. दर सेल्स टॅक्सचाच, ६.६२५ टक्के. डेलावेअरच्या दुकानातून १,२०० डॉलरचा लॅपटॉप आणलात, तर देणं ७९ डॉलर ५० सेंट. पावतीवर टॅक्सच्या जागी शून्य असेल, तर ती पावती जपून ठेवा. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूवर टॅक्स लागला नसेल, तरी हाच नियम.

भरायचं कुठे? एनजे-१०४० मध्येच, म्हणजे न्यू जर्सीच्या वार्षिक इन्कम टॅक्सच्या फॉर्ममध्येच, त्याची ओळ आहे. १,००० डॉलरपेक्षा कमी किमतीच्या वस्तूंच्या पावत्या हरवल्या असतील, तर उत्पन्नानुसार अंदाजाचा तक्ता चालतो. त्याहून महाग वस्तूचा हिशेब मात्र वेगळा करावाच लागतो. काहीच देणं नसेल तर तिथे शून्य लिहा, ओळ कोरी सोडू नका.

रोजच्या कपड्यांची काळजी नको, न्यू जर्सीत त्यांच्यावर सेल्स टॅक्सच नाही. नवीन आलेल्या मुलांना हे कुणी सांगत नाही, म्हणून मेसेज पुढे पाठवण्याआधी कृपया थांबा.