अर्धी ट्यूब, पूर्ण गुन्हा

विमानतळावरच्या तपासणीत माणसापेक्षा टूथपेस्टची चौकशी कसून होते, असं माझं ठाम मत झालंय.

कारणाबद्दल तक्रार नाही. शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं विमानात न्यायचा कट ब्रिटनमध्ये ऑगस्ट २००६मध्ये उघडकीला आला आणि तेव्हापासून केबिन बॅगेतली प्रत्येक बाटली संशयित ठरली. डबी जास्तीत जास्त १०० मिलीची, आणि सगळ्या डब्या एक लीटरच्या पारदर्शक पिशवीत. वाचायला किती सोपं! पण आत माल किती उरलाय हे कुणी विचारत नाही, बाहेर काय छापलंय तेवढंच बघतात. माझी १५० मिलीची ट्यूब शेपटीपासून मानेपर्यंत गुंडाळलेली होती. आत जेमतेम उद्या सकाळपुरता ऐवज. तपासनिसाने ती दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवली, आकडा सापडेपर्यंत गुंडाळी उलगडली आणि त्यावर अंगठा ठेवला.

"अहो, संपलीय ती."

"दीडशे आहे."

यावर काय बोलणार?

शिवाय शाळेत शिकलेलं पदार्थविज्ञान इथे बिनकामाचं. क्रीम द्रव, जेल द्रव, शेव्हिंग फोम द्रव, मस्कारासुद्धा द्रव! साबणाची वडी तेवढी उजळ माथ्याने निघून जाते. म्हणून हल्ली मी शांपूचीही वडीच नेतो. केसांचं काय होतं ते विचारू नका.

पाण्याची बाटली रिकामी असेल तर चालते. त्यामुळे तपासणीच्या अलीकडे भलीभली माणसं तहान नसताना घटाघटा पाणी पिताना दिसतात आणि पलीकडे गेल्यागेल्या स्वच्छतागृह शोधत सुटतात. तान्ह्या बाळाच्या दुधाला आणि औषधांना सवलत आहे, हे बरंय.

आता काही विमानतळांवर सीटी स्कॅनर आलेत. बॅगेच्या आतलं ते सगळ्या बाजूंनी दाखवतात, म्हणून काही ठिकाणी मोठ्या बाटल्याही सोडतात. सगळीकडे नाही, हीच मेख. ब्रिटनमध्ये तर काही विमानतळांनी उठवलेली मर्यादा जून २०२४मध्ये पुन्हा लागू झाली. थोडक्यात, जाताना सुटलेली बाटली येताना अडकू शकते. म्हणून परतीच्या आदल्या रात्री मी तेल, लोशन, अत्तर, सगळं यजमानांना देऊन टाकतो. माझ्या दिलदारपणाचं त्यांना फार कौतुक आहे.