ट्रॅक्टर आधी उभा करा, हिशेब काय मागून येतोच

कास्तकार भाऊ, तूर घरात आली, कापसाची उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटची वेचणीही आटोपली, अन् पाडवा तोंडावर आला. आता तुम्हाला रात्री झोप लागत नसणार. ट्रॅक्टर रोखीनं घ्यावा की फायनान्सवर? पानठेल्यावर दोन्ही बाजूंचे जाणकार बसलेले आहेत. मीही त्याच बाकावरचा. माझ्या अंगणात साडेतीन वर्षं ट्रॅक्टर उभा होता. आता तिथं चाकांचे दोन चर आहेत अन् पावसाळ्यात त्यात पाणी साचतं. सल्ला द्यायला एवढी पात्रता पुष्कळ झाली.

पहिलं पथ्य म्हणजे ट्रॅक्टर लागतो का, असं स्वतःला चुकूनही विचारायचं नाही. आठ एकर कोरडवाहू वावर आहे. नांगरटी, रोटावेटर, वखरणी, पेरणी, सगळं भाड्याच्या ट्रॅक्टरनं केलं तर आमच्या गावच्या दरानं एकरी साडेपाच हजार जातात, म्हणजे सालाचे ४४ हजार. हा आकडा कागदावर लिहू नका. लिहिलाच तर घरधनिणीच्या हाती लागू देऊ नका, तिला भागाकार येतो.

ट्रॅक्टर घ्यायची खरी कारणं वेगळीच असतात. समोरच्यानं घेतला, हे एक. पोरगा एकोणतीसचा झाला, हे दुसरं. मुलीकडचे पाहुणे धुऱ्यापर्यंत वावर पाहायला जात नाहीत, अंगणात काय उभं आहे ते पाहतात. आता सोयरीक जमली नाही तरी ट्रॅक्टर राहतोच, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापा. मीही म्हटलं होतं.

तर आधी रोख. हा मर्दाचा मार्ग. ‘आपल्यावर कोणाचं एक रुपयाचं देणं नाही’ हे पारावर बसून म्हणायला मिळतं, त्यापुढं सव्वासात-साडेसात लाख म्हणजे काय? कापूस एका दमात विकायचा, भाव चढेल म्हणून थांबायचं नाही. तूर विकायची. बायकोची पोत ‘तात्पुरती’ गहाण ठेवायची. अन् बैलजोडी बाजारात न्यायची, कारण आता बैलांचं काय काम!

बैलांचं काम जुलैत कळतं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याच्या वर गेली की चाळीस-पंचेचाळीस एचपीचं धूड त्या तासांत घालता येत नाही. दोन तासांमधलं तण काढणाऱ्या डवऱ्याला बैलच लागतात. मग सात लाखांचा ट्रॅक्टर अंगणात ठेवून तुम्ही पहाटे पाचला दुसऱ्याच्या गोठ्यापाशी जाता. तो दात घासत असतो. ‘आज नाही जमत, परवा पाहू,’ म्हणतो. विकलेल्या जोडीतल्या डाव्या बैलाचं नाव तेव्हा तोंडात येतं, पण ते काढू नये.

रोखीत आणखी एक अडचण आहे. पिशवीत नोटा भरून जायचं अन् शोरूमच्या टेबलावर थप्प्या लावायच्या, ही हौस २०१७ मध्येच संपली. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड, असं आयकर कायद्यात आलं. त्यामुळे तुमची पिशवी पाहून शोरूमचा मालकच घाबरतो. तुमची ‘रोख’ बँकेतून आरटीजीएसनं जाते. टेबलावर थप्पी नाही की कोणी पाहणारं नाही. फक्त मोबाइल वाजतो आणि शिल्लक ४१२ रुपये दिसते.

त्या ४१२ रुपयांत मृग निघतो. बियाणं, खत, निंदणाची मजुरी. सोसायटीचं पीककर्ज तीन लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या व्याज सवलत योजनेत शून्य टक्क्यानं पडतं. पण ते फेडायचे पैसे तर तुमच्या अंगणात उभे आहेत, चार चाकांवर! मग शून्य टक्क्याचं कर्ज थकवायचं आणि शेकडा तीन रुपये महिन्यानं गावातल्या सावकाराकडून उचलायचं. शेकडा तीन ऐकायला किती हलकं वाटतं. वर्षाचे छत्तीस टक्के होतात, पण सावकार वर्षाची भाषा बोलतच नाही, तो महिन्याची बोलतो. फायनान्स कंपनीचं व्याज वाचवलं हे मात्र पारावर सांगायला मोकळे.

आणि थकलं तर थकलं, कर्जमाफी आहेच. एवढंच की २०१९ च्या कर्जमुक्तीत दोन लाखांपर्यंतचं अल्पमुदतीचं पीककर्ज होतं, ट्रॅक्टरचं नव्हतं. पण सभेत भाषण ऐकताना इतकं बारीक कोण ऐकतं?

आता फायनान्स. हा शहाण्याचा मार्ग, कारण यात सही सोडून काहीच करावं लागत नाही. सरकारी बँकेकडे जाऊ नका. ती सातबारा मागते, आठ-अ मागते, वावर तारण मागते. पटवाऱ्याकडे जाऊन इतर हक्कात बोजा चढवून घ्यावा लागतो, अन् मग भाऊ हिस्सेवाटणीला उभा राहिला की पंचाईत. वर सिबिल, म्हणजे कर्जफेडीचे गुण. नऊशेपैकी तुमचा आकडा किती, हे पाहून साहेब चष्मा काढतो. सोसायटीचं थकलेलं त्याला तिथं बसून दिसतं.

शोरूममध्ये असं काही नाही. तिथला पोरगा ‘काकाजी’ म्हणतो, थंडा मागवतो. ‘काकाजी, फक्त दहा टक्के. फ्लॅट.’ फ्लॅट म्हणजे काय ते विचारू नका, थंडा गरम होतो. मी विचारलं नव्हतं, नंतर घरी समजलं. समजा तुम्ही सहा एकर वावर ठोक्यानं, म्हणजे सालाची ठरलेली रक्कम देऊन, केलं आणि दरसाल थोडं थोडं मालकाला परत करत गेला. तरी मालक शेवटच्या सालापर्यंत पूर्ण सहा एकरांचा ठोका घेतो, याला फ्लॅट म्हणतात. सहा लाखांवर दहा टक्के, पाच वर्षं, म्हणजे तीन लाख व्याज. एकूण नऊ लाख, सहामाही दहा हप्ते, प्रत्येकी ९० हजार. मुद्दल घटत जाते हे धरून मोजलं तर तोच दर सव्वासोळा टक्क्यांच्या घरात जातो. पण मोजणारा माणूस ट्रॅक्टर घेत नसतो.

सालाचे १ लाख ८० हजार. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला ८११० रुपये हमीभाव होता. त्या भावानंसुद्धा बावीस क्विंटलच्या वर कापूस नुसता हप्त्यात गेला. अन् तो भाव मिळायला कापसात ओलावा आठ टक्के हवा. बारावर गेला की केंद्रावरून बंडी परत. मग खासगी व्यापारी आहे, तो बोंडातला ओलावा पाहत नाही, तुमच्या डोळ्यांतला पाहतो.

वरचे ४४ हजार आता कुठं ठेवलेत ते पुन्हा पाहू नका.

सहीचं तेवढं सांगतो. फाइल चांगली बोटभर जाड असते. पोरगा पान उलटतो, बोट ठेवतो, ‘इथं काकाजी, इथं, अन् इथं.’ काही पानं कोरीच असतात. माझ्या सहीतला ‘रा’ तिसाव्या पानाला ‘सा’ झाला होता, तरी चाललं. जमानतदार म्हणून जवाई न्यावा. तो नाही म्हणू शकत नाही, आणि पुढं दिवाळीला आला नाही म्हणजे तो खर्चही वाचतो.

अनुदानाच्या नादी लागायचं असेल तर लागा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरायचा, नंबर लागायची वाट पाहायची, पूर्वसंमती आली की मगच खरेदी करायची. आधी घेतला तर अनुदान गेलं. लाख-सव्वा लाखाचा प्रश्न असतो. पण पाडव्याचा मुहूर्त काय पूर्वसंमतीसाठी थांबतो? सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, म्हणजे सात लाखांच्या मूळ किमतीवर ४९ हजार वाचले. वाचले म्हणून ते ठेवायचे नसतात, त्यात डेक बसवायचा. चार स्पीकर, वर निळा दिवा. आमच्या गावात नांगरटीपेक्षा वरातीला ट्रॅक्टर जास्त तास चालतो, आणि त्याचं भाडं कोणी देत नाही, कारण वरात आपल्याच माणसाची असते.

हप्ता थकला तर घाबरायचं कारण नाही. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये बजावून ठेवलं आहे. म्हणून माझ्याकडे ते दिवसाढवळ्या आले, पोळ्याच्या दिवशी, तोरणाखाली. बैल विकल्यामुळे मी ट्रॅक्टरच सजवून उभा केला होता. बॉनेटवर कुंकवाचा स्वस्तिक, सायलेन्सरला बेगड, सीटचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. दोघं मोटारसायकलवरून उतरले अन् शांतपणे रांगेत उभे राहिले. तेवढ्यात कोण्या पोट्ट्यानं झडती, म्हणजे पोळ्याला तोरणाखाली म्हणतात ते गाणं, म्हटली:

पऱ्हाटीले बोंड, बोंडाले किडा,
हप्ता भराले निंगाला गडी, खिशात फक्त विडा.
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

अख्खं गाव हसलं. मोटारसायकलवाले पण हसले, हे मला आजही आवडतं. तोरण तुटेपर्यंत थांबले बिचारे, मग चावी मागितली. डेक काढून घेऊ का, विचारलं, तर म्हणाले, ‘राहू द्या काकाजी, यादीत आहे.’

तुम्ही मात्र थांबू नका. यंदा पाडवा चांगल्या वारी आहे.

येत्या सोमवारी माझ्या वावरात नांगरटी आहे. समोरच्याचा ट्रॅक्टर सांगितला आहे. काल संध्याकाळी तो स्वतः घरी आला, चहा घेतला, बराच वेळ त्या दोन चरांकडे पाहत बसला. मग हळूच म्हणाला, ‘भाऊ, मंगळवारी माझा हप्ता आहे. पैसे आधीच देता का?’

आठ एकरांचे दिले. रोखीनं.